त्या पानावर देणाऱ्याचं नाव नको

प्रिय मुली,

शिष्यवृत्त्या आणि अनुदानं देणाऱ्या संस्थांचा तुझा तक्ता काल रात्री उघडून बसले होते. ४३ ओळी. संस्थेचं नाव, रक्कम, मुदत. मुदत जवळ आलेल्या लाल रंगात, लांबच्या हिरव्या. शेवटचा रकाना, ‘यांना काय आवडतं’. आणि खाली तुझा प्रश्न : ‘ताई, यातल्या कुठल्या दहा ठिकाणी अर्ज करू?’

तक्त्याकडे नंतर येते. त्यासोबत तू अंगाईच्या कामासाठीच्या अर्जाचे जे चार मसुदे पाठवलेस त्यांच्याबद्दल आधी बोलायचंय, कारण मला दुखलं ते तिथे.

पहिल्या मसुद्यात रात्रपाळीला जाणाऱ्या लेकुरवाळ्या आया होत्या. मधल्या सुट्टीत फोनवरून घरी मुलांना अंगाई म्हणणाऱ्या. पर्यवेक्षकाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाशी हाताचा आडोसा धरून गाणारी एक बाई होती. तिच्या आवाजामागे यंत्राची घरघर असते, आणि तिच्या लेकराला ती घरघर अंगाईतलीच वाटते. सुट्टीच्या दिवशी आई शेजारी पडून गाते, तेव्हा त्याला झोपच लागत नाही. हे वाचून मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. चाळीस वर्षं आवाजाचं काम करतेय, असं काही मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या मसुद्यात याच बाया ‘हवामानबदलामुळे विस्थापित महिला’ झाल्या. तिसऱ्यात ‘डिजिटल साधनांतून मातृत्वाचं सक्षमीकरण’. चौथ्यात एक ॲप आलं. घरघर गेली, हाताचा आडोसा गेला, ते न झोपणारं मूल गेलं. चौथा मसुदा कुणीही लिहू शकलं असतं. पहिला फक्त तूच लिहू शकत होतीस.

म्हणून पहिली गोष्ट. तक्ता बंद कर आणि एक पान लिही. काम काय आहे, कुणासोबत आहे, किती दिवस लागतील, शेवटी लोकांच्या कानावर नेमकं काय पडेल, आणि हे तुलाच का करायचंय. त्या पानावर देणाऱ्याचं नाव नको. त्यांच्या जाहिरातीतला एक शब्दही नको. ते पान होईपर्यंत अर्ज नाही.

तू म्हणशील, ताईंना काय, त्यांचं सगळं झालंय. म्हणून माझं काय झालं ते सांगते. तुझ्यापेक्षा थोडी मोठी होते तेव्हा एका जुन्या छापखान्याचे आवाज मला टिपायचे होते. पाच वयस्क जुळारी होते, शिशाचे खिळे उलटे वाचत हाताने ओळी जुळवणारे. खिळा खाच्यातून उचलल्याचा आवाज प्रत्येकाचा वेगळा यायचा. डोळे मिटून मी सांगू शकत असे, आता कोण जुळवतंय. निधी मिळेना. मग एका संस्थेची घोषणा आली, त्या वर्षीचा विषय होता तरुणांची कौशल्यं. मी प्रस्ताव फिरवला. जुळाऱ्यांच्या जागी संगणकावरच्या अक्षररचनेची कार्यशाळा आली. अनुदान लगेच मिळालं. चौदा महिने मी हजेरीपत्रकं भरली, तिमाही अहवाल लिहिले, कार्यशाळेत आलेल्यांची संख्या मोजली. मनात होतं की उरलेल्या वेळात खरं काम करू. उरलेला वेळ नावाची गोष्ट अनुदानात नसते. काम संपवून मी छापखान्यात गेले तेव्हा पाचातले दोघे वारले होते, एक मुलाकडे दूर राहायला गेला होता, आणि खिळे वजनावर विकले गेले होते. वितळवायला. माझ्याकडे त्या छापखान्याची एकही ध्वनिफीत नाही. समाधानकारक कामाचं पत्र मात्र आहे.

ते पान तेव्हा माझ्याकडे असतं तर प्रस्ताव फिरवताना मला निदान दिसलं असतं की काय सुटतंय. पानाचा उपयोग हाच. अर्ज करताना भाषा बदलावी लागते, ती बदल. लांबी बदल, क्रम बदल, एकाला आवाज महत्त्वाचा वाटत असेल तर आवाज आधी सांग, दुसऱ्याला आया महत्त्वाच्या असतील तर आया आधी. पण दर वेळी अर्ज त्या पानाशेजारी ठेवून वाच. बाई, घरघर, मूल, तिघं त्यात आहेत ना? नसतील तर तो अर्ज तुझा नाही आणि ते पैसेही तुझे नाहीत, मंजूर झाले तरी.

आता तक्ता. तुझ्या गोंधळाचं एक कारण असं की तू दोन वेगळे पैसे एकाच यादीत घातलेस. विद्यापीठाच्या फीचा पैसा आणि अंगाईच्या कामाचा पैसा. शिष्यवृत्ती देणारा माणसावर पैसे लावतो : ही मुलगी पुढे काय करेल? प्रकल्पाला देणारा कामाला देतो : हे काम होईल का, आणि झालंच पाहिजे असं आहे का? पहिल्या अर्जात मधोमध तू, दुसऱ्यात मधोमध त्या आया. तुझ्या चारही मसुद्यांत अर्धं पान तुझे गुण आणि अर्धं पान प्रकल्प आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला दोन्हीतलं काहीच नीट दिसत नाही. यादी आजच दोन कर.

मग ओळी खोडायला लाग. अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप तुझ्या यादीत सर्वांत वर आहे, कारण रक्कम मोठी, पाच वर्षांत मिळून ८ लाख डॉलर. १९८१ पासून चालू असलेल्या त्या फेलोशिपला अर्जच करता येत नाही. गुपचूप नेमलेली माणसं नावं सुचवतात. गुगेनहाइम फेलोशिप, तीही अमेरिकेतली, १९२५ पासूनची, कारकीर्द बऱ्यापैकी उभी राहिलेल्यांसाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी नाही. पोलॉक-क्रॅस्नर फाउंडेशन ली क्रॅस्नर या चित्रकर्तीच्या वारशातून १९८५ मध्ये उभं राहिलं. ते दृश्यकलावंतांना देतं, आणि शिकत असलेल्यांना देत नाही. गॉटलीब फाउंडेशनचं वैयक्तिक अनुदान मागायला चित्र, शिल्प किंवा मुद्राचित्रांचं किमान २० वर्षांचं परिपक्व काम पाठीशी लागतं. तू तेवीस वर्षांची आहेस, बाळ. या चार ओळींवर तू किती संध्याकाळी घालवल्यास?

रागावत नाही. म्हणजे रागावतेय, पण तुझ्यावर नाही. आपल्याला रक्कम आधी दिसते, पात्रता तिसऱ्या पानावर असते. उलटं वाच. पात्रता, मग कशाला पैसे देणार नाहीत ती यादी, मग मागच्या दोन-तीन वर्षांत कुणाला दिले ते, आणि रक्कम सगळ्यात शेवटी. अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनांना दरवर्षी ९९०-पीएफ नावाचं विवरणपत्र भरावं लागतं आणि ते सगळ्यांना पाहायला खुलं असतं. कुणाला किती दिलं याची यादी त्यात असते. संस्थेच्या माहितीपत्रकात काहीही सुंदर लिहिलेलं असो, तिचा खरा स्वभाव या यादीत दिसतो. इतर देशांतल्या संस्थाही बहुतेक वेळा वार्षिक अहवालात मागची नावं देतात. ‘यांना काय आवडतं’ हा तुझा रकाना काढून टाक, त्या जागी ‘यांनी कुणाला दिलं’ असं लिही.

प्रत्येक पैशाला उगम असतो आणि त्या उगमातून त्याचा हट्ट येतो. कॅनडातलं एलिझाबेथ ग्रीनशील्ड्स फाउंडेशन १९५५ मध्ये एका मुलाने आईच्या नावे काढलं. ते अगदी सुरुवातीच्या, शिकत असलेल्या कलावंतालाही देतं, कुठल्याही देशाच्या. पण चित्र-शिल्पातली आकृती ओळखू यायला हवी, अमूर्त चालत नाही. एखादा अमूर्त चित्रकार तिथे चेहरे रंगवून अर्ज करू शकतो. मी त्याला म्हणेन, नको करूस. आणि त्या संस्थेला मी दोष देणार नाही, तिला आपल्या पानावर काय आहे ते ठाऊक आहे. तुझ्या पानावर काय आहे ते तुला ठाऊक हवं, एवढंच माझं म्हणणं.

फीच्या यादीबद्दल थोडक्यात. अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती १९४६ मध्ये युद्धानंतर उरलेलं लष्करी सामान विकून आलेल्या पैशावर सुरू झाली, देशादेशांतल्या माणसांनी एकमेकांना ओळखावं म्हणून. त्यामुळे परत जाताना तू काय घेऊन जाशील, याचं उत्तर तिथे गुणपत्रिकेइतकंच महत्त्वाचं. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा, म्हणजे सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिकून झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. तुझी नोकरी जेमतेम सव्वा वर्षाची, यंदा ती ओळ खोड. जर्मनीच्या डाड (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेत कलाशाखांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत, तिथे कामाचे नमुने मागतात, म्हणून ध्वनिमुद्रणं आत्तापासून नीट लावून ठेव. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांत शिष्यवृत्ती मिळाली तर फी भरावी लागत नाही आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात, जास्तीत जास्त २४ महिने. शिष्यवृत्ती या शब्दावर विसंबू नकोस : आगा खान फाउंडेशनची आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती अर्धी देणगी आणि अर्धं कर्ज असते. ते उघड सांगतात, आपण वाचत नाही. आणि शिष्यवृत्ती ‘पक्की करण्यासाठी’ कुणी आधी पैसे मागितले तर तिथूनच परत फिर.

एक गोष्ट तुझ्या तक्त्यात कुठेच नाही. ज्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय त्या विभागाला तू एक ओळही लिहिलेली नाहीस. फीमाफी, शिकवण्यात मदत करून मिळणारं मानधन, ध्वनिकक्षात काम, कुणा माजी विद्यार्थ्याच्या नावे ठेवलेली छोटीशी ठेव जिला वर्षानुवर्षं कुणी अर्ज करत नाही. हे पैसे बाहेरच्या याद्यांत येत नाहीत, विचारणाऱ्याला सापडतात. आज पत्र लिही. सरळ विचार : माझ्याकडे इतके आहेत, इतके कमी पडतात, तुमच्याकडे कुठे विचारावं?

शिफारसपत्रासाठी दोन दिवस आधी फोन करू नकोस. सहा आठवडे आधी जा आणि सोबत ते पान ने. पान वाचलेल्या शिक्षकाचं पत्र वेगळं उतरतं.

निवड समित्यांवर मी बरीच वर्षं बसले आहे. तुला वाटतं तिथे भाषा तपासतात. शेकडो अर्ज वाचून भाषा दिसेनाशी होते, अंदाजपत्रक मात्र दिसतं. एकदा एका अर्जात एक बारीकशी नोंद होती : अंध वादकासोबत येणाऱ्या मुलीचा प्रवासखर्च. आम्ही तिथेच थांबलो. ज्याने ही ओळ लिहिली तो त्या वादकाच्या घरी जाऊन आलाय, त्याला ते काम माहीत आहे, हे त्या ओळीने सांगितलं. तुझ्या अंदाजपत्रकात ‘सामग्री’ आणि ‘इतर’ आहे. त्या आयांना मानधन कुठे आहे? त्यांची मधली सुट्टी तू वापरणार आहेस. पहाटे त्यांच्यासोबत घरी जायचा खर्च कुठे आहे? तुझं स्वतःचं मानधन शून्य लावलंस, त्याला त्याग म्हणू नकोस, वाचणाऱ्याला वाटतं की हिला कामाचा हिशेब येत नाही. पैसे आधी मिळणार की खर्च करून पावत्या दिल्यावर, हेही विचारून घे. पावत्यांवर मिळणारं अनुदान घ्यायला आधी खिशात तेवढे पैसे लागतात, आणि तुझ्याकडे ते नाहीत.

आता जे सांगते ते सांगावं की नाही, याचा विचार दोन दिवस केला. छापखान्यानंतर मी ठरवलं होतं, पान बदलणार नाही. काही वर्षांनी एका मोठ्या कामाला पैसे द्यायला एक संस्था तयार झाली, मागितले त्याच्या निम्मे देईन म्हणाली, आणि मुलाखतींतल्या वृद्ध माणसांच्या जागी नामवंत आवाज घ्या म्हणाली. मी नाही म्हटलं. एकटीने. माझ्यासोबत ध्वनिमुद्रण करणारी मैत्रीण होती, तिचं चार महिन्यांचं मानधन त्या अनुदानावर अवलंबून होतं. मी ते पुढे साठवणीतून चुकतं केलं, शेवटचा हप्ता तिसऱ्या वर्षी. तोवर ती निघून गेली होती. ती म्हणाली, तुझं पान तुला परवडतं. मी आजही म्हणते की माझा निर्णय बरोबर होता. ते काम नंतर तसंच झालं, त्या वृद्धांच्याच आवाजात, तुकड्यातुकड्याने, तीन छोट्या अनुदानांवर. नामवंत आवाजांचं काम कुणीही केलं असतं. हे मी तिला पत्राने कळवलं, उत्तर आलं नाही. तिला आधी विचारायला हवं होतं, हे मात्र मी त्या पत्रात लिहिलं नव्हतं. तुझ्यासोबत काम करणारं कुणी असेल तर ते पान दोघींनी मिळून लिहा, आणि खाली दोघींच्या सह्या असू देत.

आत्ता तू नकारांची मोजदाद करतेयस, अकरा झाले म्हणालीस. त्यांतले नऊ चौथ्या मसुद्याला मिळालेत, ते अंगाईला मिळालेले नकार नाहीत. उरलेल्या दोघांना दोन ओळी लिहून विचार, काय कमी पडलं. बरेच जण सांगत नाहीत, काही जण सांगतात. आणि पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करता येतो का, ते नियमांत बघ.

दहा ठिकाणांचं तू विचारलंस. मला तुझ्या ४३ मध्ये पाच दिसतात, फीसाठी तीन आणि कामासाठी दोन. कुठली, ते आज सांगणार नाही. सांगितलं तर तू त्या पाचांना आवडेल असं पान लिहशील, मी तुला ओळखते.

पान रविवारपर्यंत पाठव. हाताने लिहिलंस तरी चालेल. आणि ती आडोसा धरून गाणारी बाई पुढच्या आठवड्यात कुठल्या रात्री कामावर आहे, ते विचारून कळव. माझा जुना रेकॉर्डर मी दुरुस्त करून ठेवलाय, तो घेऊन जा. पहिली रात्र टिपायला कुणाची मंजुरी लागत नाही, फक्त तिची लागते.

तुझी,
ताई