जपानी बोलायची नाही, फक्त वाचायचीय. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न असा आहे: क्लासला जाणं जमणार नाही, रोज अर्धा तास हाताशी आहे, बोलता नाही आलं तरी चालेल. मग इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या जपानीवर सुरुवात करावी का, आणि कांजी (चीनहून आलेली चित्राक्षरं) किती पाठ कराव्या लागतील?

इंग्रजी अक्षरांचं आधी सांगतो. नको. डोळ्याला एकदा रोमाजीची सवय लागली की तो खऱ्या अक्षरांकडे बघतच नाही, खालची इंग्रजी ओळ शोधतो. आणि मराठी माणसाला त्या कुबडीची गरजच नाही. मी चाकणला एका जपानी कंपनीत क्वालिटीला आहे, भाषेचा मास्तर नाही. जे शिकलो ते ड्रॉइंग आणि तक्रारींचे कागद वाचता यावेत म्हणून, म्हणजे तुमच्यासारखंच.

हिरागाना म्हणजे उच्चारानुसार लिहायच्या जपानी अक्षरांचा पहिला संच. त्याची मूळ अक्षरं 46. क्रम असा: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आपल्या बाराखडीच्या तक्त्याशी ताडून बघा. क-वर्ग, च-वर्गाच्या जागी स, मग त, न, प-वर्गाच्या जागी ह, म, आणि शेवटी य-र-व. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकत, त्या वर्णमालेवरून हा क्रम आलाय. अक्षरावर दोन बारीक रेघा दिल्या की क चा ग होतो, त चा द होतो आणि ह चा ब होतो. ह चा ब कसा काय? कारण जुन्या जपानीत तो ह मुळात प होता. मला हे कळलं त्या दिवशी ती ओळ पुन्हा पाठ करावी लागली नाही.

‘त्सु’ला हिंदीवाले सहकारी अडखळतात. आपण ‘चूल’ म्हणताना जो च काढतो, जवळपास तोच तो. त्याच त्सुचं छोटं रूप मात्र उच्चारायचंच नसतं, ते पुढच्या अक्षराचं द्वित्त करतं: किते म्हणजे ‘ये’, कित्ते म्हणजे टपालाचं तिकीट. लांबीकडेही लक्ष ठेवा. ओबासान म्हणजे मावशी-काकू, ओबाऽसान म्हणजे आजी.

दोन आठवड्यांत हिरागाना होतो, पुढच्या दोनांत कताकाना. हा दुसरा संच परकीय शब्दांसाठी, आणि खरा त्रास इथे आहे. शि, त्सु, सो आणि न ही चार अक्षरं पहिले काही दिवस एकच वाटतात. फक्त वाचायचंय म्हणून लिहिणं टाळू नका. शि आणि न ची लांब रेघ खालून वर ओढतात, त्सु आणि सो ची वरून खाली. हाताला ते कळलं की डोळ्याला कळतं. सरावाला आपली गावं कताकानात लिहा. ल नसल्यामुळे लातूरचं रातूरु होतं. हसू येतं आणि लक्षात राहतं.

आता माझी फजिती. जपानहून आलेल्या एका तक्रारीच्या कागदावर एका शब्दाचं पहिलं अक्षर मला दिसलं: वर आडवी रेघ, मधे उभी, खाली आडवी. आय-सेक्शनच्या गर्डरसारखं. कताकानातला ‘ए’, म्हणजे शब्द परकीय असणार! एअर? एंजिन? पुढचं अक्षर काही लागेना, अर्धा तास गेला. तो शब्द होता कोऽजोऽ, म्हणजे कारखाना. ‘काम, कारागिरी’ या अर्थाची कांजी आणि कताकानातला ए दिसायला सारखेच. ज्या कारखान्यात बसलो होतो तोच शब्द मला वाचता येत नव्हता. असे जुळे आणखी आहेत. कताकानातला रो म्हणजे कांजीतलं ‘तोंड’, का म्हणजे ‘शक्ती’, नि म्हणजे ‘दोन’. शेजारी काय आहे त्यावरूनच ठरतं.

कांजी किती? नेहमीच्या वापराच्या म्हणून सरकारने ठरवलेल्या यादीत 2010 पासून 2136 आहेत. त्यांतल्या 1026 जपानी मुलं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. घरीदारी जपानी बोलणाऱ्या मुलांना सहा वर्षं लागतात, तेव्हा ‘90 दिवसांत 2000 कांजी’वाल्या जाहिराती सोडून द्या.

मी आठ महिने वाया घालवले ते यादी घोकण्यात. एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला त्याचे सगळे उच्चार. पाण्याची कांजी: मिझु, सुइ. परीक्षा घेतली तर दोन्ही यायचे, पण ओळीत ती दिसली की यातला कुठला ते सांगता येत नसे. मग कधीतरी डोक्यात प्रकाश पडला की हे आपल्याकडेही आहे. आपण पाणी पितो, पण ‘पाणीवाहिनी’ म्हणत नाही, जलवाहिनी म्हणतो. आग लागते, पण विझवायला अग्निशमन दल येतं. समजा मराठीत ‘पाणी’ आणि ‘जल’ दोन्ही एकाच चित्राने लिहिले असते, तर चित्र एकटं असताना आपण पाणी वाचलं असतं आणि समासात जल. जपानीत तेच चालतं. एकटं असलं की बहुधा घरचा शब्द, मिझु. जोडीत आलं की बहुधा चीनहून आलेला, सुइ. नळाचं पाणी आणणारी व्यवस्था म्हणजे सुइदोऽ, शब्दशः जलमार्ग. अपवाद आहेत, भरपूर आहेत, पण ते शब्दांतून आपोआप भेटतात. म्हणून सुटी कांजी नको, शब्द घ्या.

पहिले सात शब्द मी सुचवतो: वार. रविवार सूर्याचा, सोमवार चंद्राचा, पुढे मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि. जपानीतही हाच क्रम, हेच ग्रह. फक्त तिथे मंगळ हा अग्नीचा तारा, बुध पाण्याचा, गुरु लाकडाचा, शुक्र सोन्याचा आणि शनि मातीचा. वार पाठ केले की सूर्य, चंद्र, आग, पाणी, झाड, सोनं, माती अशा सात कांजी फुकटात येतात. रविवार नीट बघा: निचियोऽबि. त्यात सूर्याची कांजी दोनदा आहे, सुरुवातीला निचि वाचायची आणि शेवटी बि.

व्याकरणाला घाबरू नका, क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. ‘पान ओ ताबेरु’ म्हणजे पाव खातो. ‘ओ’ हा कर्माला लागणारा प्रत्यय, आणि तो ‘पान’ म्हणजे आपला पावच. पोर्तुगीजांनी गोव्याला दिला तसा जपानलाही. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत म्हणून सुरुवातीला गुदमरल्यासारखं होतं. तिथे कांजीच मदतीला येते. कांजी दिसली की बहुतेक वेळा नवा शब्द सुरू झाला समजायचं, आणि मागे लागलेला हिरागाना म्हणजे प्रत्यय.

वाचायला काय घ्यायचं? ज्यात कांजीच्या डोक्यावर बारीक हिरागाना छापलेला असतो, तेच. त्याला फुरिगाना म्हणतात. मुलांच्या मांगांत, म्हणजे चित्रकथांत, तो असतो, एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्यांतही असतो. तादोकु नावाने पायरीपायरीच्या छोट्या गोष्टी फुकट मिळतात, पहिली पायरी महिना-दोन महिन्यांत झेपते. उजळणीला अंकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं अॅप वापरा, त्या नावाचा अर्थच पाठांतर. रोजची वीस मिनिटं वाचन, दहा मिनिटं अंकी. उलटं केलंत तर माझे आठ महिने तुम्हालाही लागतील. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा द्यायचीच असेल तर तुमच्या सोयीची गोष्ट म्हणजे त्यात निबंध नाही, तोंडी नाही, सगळे पर्यायी प्रश्न. ऐकण्याचा भाग मात्र असतो.

वर्षभरात वर्तमानपत्र वाचता येणार नाही. पाटी, पाकिटावरची सूचना, लहान मुलांची गोष्ट येईल. मला तीन वर्षांनी छापील रिपोर्ट डिक्शनरी जवळ ठेवून वाचता येतो. कडेला पेन्सिलीने कुणी दोन ओळी खरडल्या असतील तर अजून काही लागत नाही. तो कागद मी ट्रान्सलेटर मॅडमकडे नेतो. त्याही कधीकधी तो आडवा-तिडवा फिरवून बघतात.