तारापूरच्या अणुभट्ट्या परदेशी आहेत का? आणि केंद्र समुद्रकाठीच का बांधलं?

चारपैकी पहिल्या दोनच परदेशी, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, १९६९ मध्ये वीज देऊ लागलेल्या. नंतरच्या ५४० मेगावॅटच्या दोन्ही आपल्याच बनावटीच्या. समुद्र लागतो थंडाव्यासाठी. उष्णतेच्या साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते, उरलेली टर्बाइनमधून निघालेल्या वाफेचं पुन्हा पाणी करताना बाहेर टाकावी लागते. खारं पाणी भट्टीत मात्र जात नाही, ते कंडेन्सरच्या (वाफेचं पाणी करणाऱ्या यंत्राच्या) नळ्यांतून फिरून परत समुद्रात जातं. अर्थात समुद्रच हवा असं नाही. कर्नाटकातलं कैगा कद्रा जलाशयाच्या पाण्यावर चालतं. आयात भट्टीची खरी डोकेदुखी इंधनाची: १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने समृद्ध युरेनियम देताना हात आखडता घेतला आणि पुढे ते फ्रान्सकडून आणावं लागलं.