मॅडमचं काम सोडायचंय, पण सांगायचं कसं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी आणि माझी एक हेल्पर, आम्ही दोघी मिळून घरं साफ करायची कामं घेतो. एका मॅडमकडे बऱ्याच महिन्यांपासून दर आठवड्याला जातो. ठरलं होतं ते लादी, डस्टिंग, किचन आणि बाथरूम, पण आता आम्ही चपला काढायच्या आत "आलीच आहेस तर" सुरू होतं, आलीच आहेस तर फ्रिज आतून पुसून घे, आलीच आहेस तर पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, वेळ वाढत जातो आणि पैसे तेवढेच. काम चालू असताना मागे मागे फिरतात, निघताना कपाटावरून बोट फिरवून धूळ दाखवतात. मागच्या वेळी शॉवरच्या काचेवरचे पांढरे डाग गेले नाहीत म्हणून पैसे कापले, वर संगमरवराच्या ओट्यावर ॲसिड टाक म्हणाल्या, मी नाही म्हटलं तर तोंड वाकडं. समजावून बघितलं, चार दिवस नीट आणि मग येरे माझ्या मागल्या. सोडायचंय पण भांडण नकोय, कारण त्यांच्याच ओळखीने मला अजून घरं मिळालीयेत आणि त्यांची एक किल्लीही माझ्याकडे असते. आजारी आहे म्हणून सांगू का? की रेट डबल सांगू, म्हणजे त्याच नको म्हणतील?

उत्तर: दोन्ही नको. आजाराचं सांगितलंत आणि त्यांच्याच ओळखीच्या घरी दुसऱ्या दिवशी बादली घेऊन दिसलात तर काय, आणि ते दिसणारच. रेट डबलचा सल्ला बऱ्याच जणी देतात, मला तो कधीच पटला नाही, कारण समजा त्या "बरं" म्हणाल्या तर? मग दुप्पट पैसे देतेय म्हणून दुप्पट बोटं फिरणार आणि तुम्हाला तोंड उघडायलाही जागा राहणार नाही.

मुळात कारण शोधत बसायचंच कशाला असं माझं मत आहे. ज्या कारणावर तोडगा निघू शकतो ते कारण सांगितलं की बोलणी सुरू झाली समजा. वेळ जमत नाही म्हणालात तर वार बदलून देतील, लांब पडतं म्हणालात तर जाण्यायेण्याचा खर्च देते म्हणतील, काम जास्त होतंय म्हणालात तर चार दिवस फ्रिजचं नाव काढणार नाहीत आणि तुम्ही परत अडकलात. म्हणून फक्त निर्णय सांगा, तारीख सांगा, आणि तो लेखी सांगा. त्यांच्या हॉलमध्ये उभं राहून, हातात फडकं असताना हा विषय काढूच नका, आपण अवघडतो आणि "बघते" म्हणून बाहेर पडतो. त्या आठवड्याचं काम झालं, पैसे हातात आले, घरी पोचलात, की मग संध्याकाळी मेसेज टाका, साधारण असा:

"नमस्कार मॅडम, या महिन्याच्या अखेरीस आम्ही तुमच्याकडचं काम थांबवत आहोत. तोपर्यंत ठरलेलं काम नेहमीसारखं होईल. शेवटच्या दिवशी हिशोब पूर्ण करून किल्ली तुमच्या हातात देईन. इतके दिवस काम दिलंत, त्याबद्दल धन्यवाद."

महिनाअखेरच्या जागी नेमकी तारीख टाका. "सॉरी" तीनतीनदा लिहू नका, "जमलं तर पुढे बघू" तर अजिबात नको. फोन येईलच, का, काय झालं, आमचं काही चुकलं का. त्यावर "नाही मॅडम, काही भांडण नाहीये, आमचं ठरलंय, त्या तारखेनंतर जमणार नाही" एवढंच, आणि परत विचारलं तर परत तेच वाक्य. जुना हिशोब काढायचा मोह होईल, मनात सगळं साठलेलं असतं ना, पण त्या काचेचा विषय निघाला की अर्धा तास गेला.

आता काचेचा विषय निघालाच आहे तर तुमच्या समाधानासाठी सांगते, तुमची चूक नव्हती. ते पांढरे डाग पाण्यातल्या क्षारांचे असतात, ताजे असतील तर सौम्य आम्लाने सुटतात, पण वर्षानुवर्षं पाणी तसंच वाळत राहिलं की काचेचा पृष्ठभागच झिजतो, तेव्हा तुम्ही जे घासताय तो डाग नसून खराब झालेली काच असते आणि घासून ती परत चकचकीत होत नाही. आणि संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर ॲसिड पडलं की पॉलिश जाऊन निस्तेज, खरखरीत डाग पडतो, तो परत पॉलिश केल्याशिवाय जात नाही. तुम्ही त्या दिवशी ऐकलं असतंत तर आज ओट्याची भरपाई मागत असत्या!

कापलेल्या पैशांचं काय, तर एकदा मागा, वेगळ्या मेसेजमध्ये, तारीख आणि रक्कम लिहून, चिडचिड न करता. नाही मिळाले तर त्यापायी किल्ली अडवून ठेवायची नाही, हे मी ठासून सांगते, कारण मग पैसे कुणाचे राहिले हा विषय बाजूला पडतो आणि परक्याच्या घराची किल्ली ठेवून घेतली एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. किल्ली शेजारी नको, वॉचमनकडे नको, त्यांच्याच हातात, आणि लगेच "किल्ली आज दिली" असा मेसेज.

नोटिशीच्या दिवसांत काम कमी करू नका पण वाढवूही नका. "जातेच आहेस तर" नक्की सुरू होणार, तेव्हा "ते आपल्या ठरलेल्या कामात नाही मॅडम" म्हणायचं आणि लादी पुसायला लागायचं. शेवटच्या दिवशी त्यांना विचारून ओटा, काच, बाथरूमचे फोटो काढून त्यांनाच पाठवा, म्हणजे नंतर ओरखड्यांवरून वाद नको. हेल्परला आधी विश्वासात घ्या, नाहीतर मॅडम तिला परस्पर विचारतील, तू एकटी येतेस का. तिला जायचं असेल तर जाऊ दे, तो तिचा प्रश्न, पण तुम्हाला ते बाहेरून कळायला नको.

शिवीगाळ झाली, चोरीचा आळ आला किंवा जिवाला धोका होईल असं काम सांगितलं तर नोटीस वगैरे काही नाही, त्याच दिवशी बंद. ॲसिडचा हट्ट धरणाऱ्या घरात उद्या ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र करून टाक असंही सांगतील, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये श्वास कोंडतो. तिथे बादली ठेवून बाहेर यायचं, सभ्यपणा नंतर.

आणि ती ओळखीतली घरं, त्यांना आपण होऊन काही सांगायला जाऊ नका. त्यांनी विचारलंच तर "तिकडचं काम थांबवलंय, तुमचं चालू आहे" म्हणायचं आणि पुढच्या वेळी कधी येताय ते सांगायचं.