क्रोन्स असताना दाताचं इम्प्लांट करून घ्यावं का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी फोंड्याजवळ राहते, वय 47, शाळेत शिकवते. मला क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहणारा आजार) आहे, निदान व्हायच्या आधी पोटाचा टीबी समजून त्याच्याही गोळ्या झाल्या. आता अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) चालू आहे, मधेमधे त्रास वाढला की स्टिरॉइडचा कोर्स होतो, शेवटचा शिमग्याच्या आसपास संपला. डाव्या बाजूच्या खालच्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढा काढाव्या लागल्या, अक्कलदाढ तिकडे नाहीच, त्यामुळे मागे सगळं रिकामं. आमचे डेंटिस्ट म्हणतात लगेच दोन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू आणि त्यावर दात) करा नाहीतर हाड झिजेल, एकाचे 38 हजार. पोटाच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले माझी हरकत नाही, डेंटिस्टला विचारा, आणि डेंटिस्ट म्हणतात त्यांची हरकत नसेल तर आपण करू. मुलगा दुबईला असतो, चवथीला महिनाभर येतोय, पैसे तो देणार आहे आणि त्याला सगळं त्याच्या सुट्टीतच उरकायचंय. मला भीती ही की जे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं ते या स्क्रूला सोडेल का? की दात नसलेलीच राहू?

उत्तर : ताई, आधी सरळ उत्तर देते, क्रोन्स आहे म्हणून इम्प्लांट होतच नाही असं काही नाहीये, अनेकांचं होतं आणि टिकतं. पण ते चवथीच्या सुट्टीत बसवून घेऊ नका. तुमचं स्टिरॉइड संपून जेमतेम काही महिने झालेत, आजार शांत झालाय की फक्त गप्प बसलाय हे अजून कुणी तपासलेलं तुमच्या पत्रात दिसत नाही, आणि इम्प्लांट ही काही इमर्जन्सी नव्हे. गाल सुजला, पू आला, ताप आला तर त्याच दिवशी धावायचं. रिकामी जागा थांबू शकते.

शरीर स्क्रू फेकून देईल ही भीती खूप जणांना असते. किडनी बदलल्यावर शरीर ती परकी म्हणून नाकारू शकतं, तसं टायटॅनियमच्या बाबतीत होत नाही. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी 1950 च्या दशकात सशांच्या हाडात टायटॅनियम बसवून काम करताना पाहिलं की हाड त्याला घट्ट धरतं, इतकं की मग काढता येत नाही, आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. म्हणजे सगळं काम तुमचं हाड करतं, स्क्रू नुसता उभा असतो. हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि तुमच्या आजाराचा संबंध नेमका त्या महिन्यांशी येतो. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या अभ्यासांत क्रोन्सच्या पेशंटांमध्ये इम्प्लांट सुरुवातीलाच, म्हणजे वरचा दात बसवायच्या आधीच निकामी होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. त्यात क्रोन्सचे पेशंट मोजकेच होते, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरून जायचं कारण नाही, पण ते पहिले काही महिने तुमच्या शरीरात काय चाललेलं असेल यावर बरंच अवलंबून आहे एवढं त्यातून नक्की घ्यायचं. फ्लेअर (आजाराची उसळी) चालू, हिमोग्लोबिन खाली, वजन उतरतंय आणि वरून स्टिरॉइड, अशा वेळी जबड्यात ड्रिल करून घेणं म्हणजे ऐन पावसात स्लॅब घालण्यासारखं आहे.

स्टिरॉइडबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण डेंटिस्टकडे फॉर्म भरताना लोक फक्त आज चालू असलेली औषधं लिहितात. वारंवार झालेल्या कोर्सनी हाड विरळ होतं, जखम भरायला वेळ लागतो, शुगर वाढते, म्हणून गेल्या काही वर्षांतले सगळे कोर्स सांगा, साधारण किती दिवस आणि किती मिलिग्रॅम ते जुन्या फाइलमधून काढून. कधी हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा रिकाम्या पोटी ग्लासभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही अशी गोळी तुम्हाला दिली होती का, किंवा वर्षातून एकदा सलाईनमधून काही दिलं होतं का, हे आठवून पाहा. ती अलेन्ड्रोनेट, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड अशी औषधं हाडात वर्षानुवर्षं राहतात आणि ती घेतलेल्या माणसाच्या जबड्यावर शस्त्रक्रिया केली तर क्वचित हाड भरतच नाही, उघडं पडतं. क्वचित म्हटलं तरी झालं तर फार छळतं. ही गोळी हाडाच्या डॉक्टरने दिलेली असते, पोटाच्या फाइलमध्ये तिचा पत्ता नसतो आणि दाताच्या डॉक्टरला कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहितेय.

आता ते हरकत नाही, हरकत नाही. मला या वाक्याचा खरंच राग येतो, दोघेही चांगले डॉक्टर असतील पण मधल्या मधे पेशंट लटकतो. हरकत नाही ही परवानगी झाली, माहिती नाही झाली. तुम्ही तोंडी विचारू नका, डेंटिस्टकडून पोटाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून घ्या आणि तिचं उत्तर लेखीच आणा. चिठ्ठीत असं असू द्या : आजार सध्या शांत आहे का आणि ते कशावरून म्हणता, येत्या सहा महिन्यांत स्टिरॉइड लागायची शक्यता किती, अझाथायोप्रिन तसंच चालू ठेवायचं ना, दुखण्यासाठी आणि इन्फेक्शनसाठी कुठलं औषध चालेल आणि कुठलं मुळीच नको. कशावरून म्हणता हा प्रश्न गाळू नका. मोशन नीट होतेय म्हणजे आतडं बरं असं नेहमी नसतं, शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट किंवा कोलोनोस्कोपी झाल्याशिवाय आतली सूज कळत नाही. सोबत सीबीसी करा, अझाथायोप्रिनमुळे पांढऱ्या पेशी उतरू शकतात आणि त्या उतरलेल्या असताना तोंडात जखम नको. बी12 आणि डी व्हिटॅमिनही बघा. बी12 लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं आणि क्रोन्सचा मुक्काम बहुतेक वेळा तिथेच असतो. आणि गोव्यात एवढं ऊन आहे म्हणून डी कमी नसेल असं धरून चालू नका, शाळा, घर, बस यात ऊन लागतं कुणाला.

अझाथायोप्रिन आपल्या मनाने बंद करू नका, हे वेगळं सांगते. दाताच्या कामासाठी म्हणून औषध थांबवलं आणि फ्लेअर आला तर दातही गेला आणि पोटही गेलं. स्टिरॉइड चालू असताना ते एकदम तोडणं तर सरळ धोक्याचं आहे.

सगळ्यात जास्त मनावर घ्यायची गोष्ट म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. दात काढल्यावर किंवा इम्प्लांटनंतर आपल्याकडे सवयीने डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नाहीतर ती पाण्यात विरघळणारी केटोरोलॅक लिहून देतात आणि घरातही कुणाच्या तरी डब्यात ती पडलेलीच असते. क्रोन्समध्ये या गटातल्या औषधांनी त्रास उफाळू शकतो. पॅरासिटामॉल वेळेवर, दुखणं सुरू व्हायच्या आधीपासून घेतलं तर इम्प्लांटच्या दुखण्याला बहुतेकांना पुरतं, नाही पुरलं तर आपल्याच डॉक्टरला फोन करायचा, फार्मसीवाल्याला विचारायचं नाही. बऱ्याच गोळ्या दोन औषधं एकत्र करून येतात, नाव पॅरासिटामॉलसारखं दिसतं आणि आत डायक्लोफेनॅक असतं, म्हणून स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचायला मुलाला सांगा. अँटिबायोटिकचंही तसंच, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटने पोट सुटू शकतं, क्लिंडामायसिननंतर सी. डिफिसिल नावाचं आतड्याचं वाईट इन्फेक्शन होऊ शकतं आणि ते फ्लेअरसारखंच दिसतं. अँटिबायोटिक घेतल्यानंतर पुढच्या काही आठवड्यांत जुलाब लागले तर क्रोन्सच उठला असं समजून घरातली स्टिरॉइडची गोळी गिळू नका, आधी शौचाची तपासणी.

तुमचे डेंटिस्ट हाड झिजतं म्हणतात ते खोटं नाही. दाढ काढल्यावर तिथल्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षात जवळजवळ निम्म्यापर्यंत उतरू शकते आणि त्यातला मोठा भाग पहिल्या काही महिन्यांतच जातो. पण याचा अर्थ आत्ता नाही तर कधीच नाही असा होत नाही, सीबीसीटी स्कॅन काढला की हाड किती उरलंय ते मिलिमीटरमध्ये दिसतं, कमी पडलं तर नंतर हाड भरताही येतं, खर्च आणि वेळ वाढतो हे खरं. आजार शांत नसताना घाईने बसवलेला स्क्रू सैल होऊन काढावा लागला तर तो निघताना हाड आणखी घेऊन जातो, म्हणून माझ्या मते इथे थांबण्यातला तोटा लहान आहे.

आणि दोनच का? मी तुमच्या जागी असते तर डेंटिस्टना विचारलं असतं की फक्त पहिल्या दाढेच्या जागी एकच करून बघू का. चावण्याचं मोठं काम पहिली दाढ करते, दुसऱ्या दाढेवाचून अनेकांचं छान चालतं. एक नीट धरला, वर्ष गेलं, तर दुसऱ्याचा विचार करता येतो. ब्रिज, म्हणजे पुढच्या-मागच्या दातांच्या आधाराने बसवलेले दात, तुमच्याकडे बसणार नाही कारण मागे आधाराला दातच नाही. तोपर्यंत काढघालीची छोटी कवळी करून घ्या, बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात ती फार खर्च न होता होते आणि बाजूलाच गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असल्यामुळे एकाच दिवशी दोन्हीकडची कामं उरकता येतात. कवळीला लोक नाकं मुरडतात पण तिच्यामुळे वरची दाढ खाली सरकत नाही, आणि चावलं तरी जातं.

दात नसलेलीच राहू का म्हणून विचारलंत, तर तेही करू नका. क्रोन्समध्ये काहींचं आतडं जागोजागी अरुंद झालेलं असतं, त्यांच्यासाठी नीट न चावलेला ओल्या खोबऱ्याचा तुकडा, पेरूच्या बिया, तंतूवाली भाजी, सुंगटाचं (कोळंबीचं) कवच अडकून पोट फुगणं, उलट्या, कधी अ‍ॅडमिट होण्यापर्यंत जाऊ शकतं. तुमच्या रिपोर्टमध्ये स्ट्रिक्चर हा शब्द आहे का बघा. असेल तर तुमच्यासाठी दात हा दिसण्याचा प्रश्न उरतच नाही, आणि हेही चिठ्ठीत लिहायला सांगा.

मुलाची सुट्टी मात्र वाया घालवू नका. त्या महिन्यात स्कॅन, रक्त, हिरड्यांची पूर्ण साफसफाई, हाडांची डेक्सा (घनता मोजणारा स्कॅन) आणि दोन्ही डॉक्टरांकडे त्याला बरोबर घेऊन बसणं एवढं झालं तरी त्याचं येणं सार्थकी लागलं. इम्प्लांट बसवला तरी वरचा दात काही महिन्यांनीच येणार, त्यामुळे एका सुट्टीत सगळं होणारच नव्हतं, हे त्याला शांतपणे समजावून सांगा. रिपोर्ट चांगले आले आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत स्टिरॉइड न घेता निभावलं तर तेव्हा बसवा, पैसे तो तिकडूनही पाठवू शकतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण मला माहीत आहे ती सतावत असणार. खुर्चीत तोंड उघडं ठेवून तासभर, आणि मधेच जावं लागलं तर? तुमचं पोट दिवसात ज्या वेळेला सगळ्यात शांत असतं ती वेळ मागून घ्या, टॉयलेट कुठे आहे ते आधी बघून ठेवा आणि डावा हात वर केला की थांबायचं असं आधीच ठरवा. यात लाजण्यासारखं काही नाही, आम्ही थांबतो. नंतरचे काही दिवस पेज आहेच आपली, कोमट करून, लोणच्याशिवाय, उकड्या तांदळाची शितं नीट मऊ शिजवून.

प्रश्न : मडगावहून लिहितोय. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे, अडॅलिम्युमॅबचं (प्रतिकारशक्ती आवरणारं) इंजेक्शन पंधरवड्याने घेतो. आजार व्हायच्या आधी बसवलेल्या इम्प्लांटच्या भोवती ब्रश करताना रक्त येतं, दुखत नाही. इंजेक्शन थांबवू का?

उत्तर : इंजेक्शन थांबवू नका, डेंटिस्टकडे मात्र या आठवड्यातच जा. इम्प्लांटला नस नसते, त्यामुळे भोवतीचं हाड झिजत असलं तरी दुखत नाही, रक्त हीच बहुतेक वेळा पहिली खूण असते. एक्स-रे काढून आधीच्याशी ताडून बघायला सांगा. नुसती हिरडी सुजली असेल तर साफसफाईने आणि रोजच्या बारीक ब्रशने पूर्ववत होते, हाड गेलं असेल तर ते काम मोठं असतं आणि त्याची तारीख इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायची. सिगारेट ओढत असाल तर हे टिकणार नाही. आणि इथून पुढे साफसफाई दर तीन-चार महिन्यांनी, दुखेपर्यंत थांबायचं नाही.

प्रश्न : मला आयबीएस (आतड्याला सूज नसतानाही पोट बिघडत राहण्याचा त्रास) आहे, वरचं सगळं मलाही लागू होतं का? — वाचक, पेडणे

उत्तर : नाही. आयबीएसमध्ये आतड्याला तशी सूज नसते, हाडावर परिणाम नसतो आणि स्टिरॉइडही लागत नाही, त्यामुळे इम्प्लांटचा निर्णय तुम्ही इतर कुणाहीसारखा घ्या. अँटिबायोटिकने तुमचंही पोट बिघडू शकतं तेवढं आधी सांगून ठेवा. पण आयबीएस हे निदान तपासण्या करून झालंय ना? शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा विनाकारण उतरणारं वजन यातलं काही असेल तर दाताच्या आधी पोटाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या.