घोड्यांची डॉक्टर व्हायचंय, पण इंजेक्शनापलीकडे काय?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, पीसीबी ग्रुप. आमचं गाव अकलूजजवळ आहे. आजोबांची घोडी घरी आहे, त्यामुळे लहानपणापासून घोड्यांत वाढले. मला घोड्यांचीच डॉक्टर व्हायचं आहे. आई म्हणते, आयुष्यभर तबेल्यात सुया टोचत बसणार का? वडील म्हणतात, पशुवैद्यक हो, पण फक्त घोड्यांवर पोट भरणार नाही. उपचार सोडून या कामात आणखी काय असतं?

उत्तर : तुझा प्रश्न मला आवडला, कारण तो सहसा कुणी विचारत नाही. सगळे पगार विचारतात.

आधी वडिलांचं ऐकू. त्यांचं निम्मं बरोबर आहे. आपल्याकडे फक्त घोड्यांची वेगळी पदवी नसते. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची पदवी, साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्या काळात गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, कोंबडी, सगळं शिकावं लागतं. म्हशीच्या वारेत हात घालायची तयारी नसेल तर घोड्यापर्यंत पोहोचणारच नाहीस. घोड्यांचा खास अनुभव पुढे येतो: शस्त्रक्रिया, औषधशास्त्र किंवा प्रजननशास्त्रातल्या एम.व्ही.एस्सी.तून (पदव्युत्तर पदवीतून) आणि त्याहून जास्त एखाद्या मुरलेल्या डॉक्टरच्या हाताखाली काम करून.

आता आईंचा मुद्दा. घोड्यांच्या डॉक्टरचा मोठा वेळ मत देण्यात आणि त्या मताखाली सही करण्यात जातो. तुमच्या अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारातलंच बघ. गिऱ्हाईक देवमण (शुभ मानली जाणारी खूण) आहे का, अंगावरचा केसांचा भोवरा शुभ आहे का, ते बघतं. डॉक्टरला बोलावलं असेल तर ती दात बघून वयाचा अंदाज घेते, डोळे, हृदय, श्वास तपासते आणि मग घोडा कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवायला सांगते. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकला की घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकला की खाली घेतो. पुढे एकेक पाय मिनिटभर दुमडून धरायचा, सोडायचा आणि लगेच पळवायचा. लपलेलं लंगडणं अशा वेळी बाहेर येतं. इथे उपचार काहीच झाला नाही. पण लाखांचा व्यवहार तिच्या एका वाक्यावर अडतो, आणि विकणारा चार लोकांत तिच्यावर आवाज चढवतो. तेव्हा तिला शांतपणे सांगता आलं पाहिजे, ‘लग्नाच्या वरातीला चालेल, रोजच्या रपेटीला नको.’

(तो भोवरा मात्र कामाचा असतो हं. शुभाशुभासाठी नव्हे, ओळखीसाठी. घोड्याच्या नोंदणीत भोवऱ्यांच्या जागा आणि अंगावरचे पांढरे पट्टे चित्रात काढून दाखवतात.)

पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास करतात तिथे, हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत कृत्रिम रेतनाने झालेल्या शिंगराची नोंदणी होत नाही, नैसर्गिक संयोगच लागतो. त्यामुळे कुठली घोडी कुठल्या दिवशी माजावर, नर कधी द्यायचा, याचं वेळापत्रक डॉक्टरच्या हातात. साधारण पंधराव्या दिवशी सोनोग्राफी करायची, कारण जुळी असतील तर घोडीला ती सहसा पूर्णवेळ झेपत नाहीत आणि एकच गर्भ ठेवायचा निर्णय तेव्हाच घ्यावा लागतो. गाभण काळ अकरा महिन्यांचा, आणि घोड्या बहुतेक रात्रीच वितात. शिंगरू जन्मलं की पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला ना, हे बघायचं. पुढे मायक्रोचिप, डीएनएचा नमुना, आईबापाची खात्री, कागदपत्रं. हंगामात झोप विसरायची, हे मी गोड करून सांगणार नाही.

रेसकोर्सवरची नोकरी तर जवळजवळ पंचाची. पुणे आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर शर्यतीआधी घोडे तपासणं, शर्यतीमागोमाग गाडीतून जाणं, जिंकलेल्या घोड्याच्या लघवी-रक्ताचे नमुने सीलबंद करणं. शर्यतीच्या दिवशी घोड्याच्या अंगात वेदनाशामक चालत नाही, म्हणून मालकाचा किंवा ट्रेनरचा डॉक्टर औषध देतानाच दिवस मोजतो. शर्यती भरवणाऱ्या क्लबचा डॉक्टर मात्र कुणाचाच नसतो. घोडा पळायला योग्य नाही म्हणाला की स्टँडमधले सगळे नाराज. आणि पाय मोडलेल्या घोड्याला वाचवता येत नसेल तर त्याचं दुखणं थांबवायचा निर्णयही त्याचाच. ते काम मला झेपलं नसतं.

सरकारी बाजू लोकांना फारशी माहीत नाही. एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी झालीस तर दवाखाना सगळ्या जनावरांचा असेल, पण घोड्यांत ग्लँडर्सचा संशय आला की खरी परीक्षा. हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात. रोग पक्का झाला तर कायद्याने जनावर मारावं लागतं, परिसरातल्या घोड्यांच्या ने-आणीवर बंदी येते. घोड्यावर घर चालणाऱ्या माणसाला हे समोर बसून समजावायचं, भरपाईचे कागद करायचे आणि त्याच्या शेजाऱ्यालाही तपासणीला तयार करायचं. इथे डॉक्टरपेक्षा बोलणारी बाई जास्त लागते. माथेरानच्या घोडेवाल्याला ‘खोगिराखाली जखम झालीय, आठ दिवस सुट्टी दे’ म्हणणं सोपं आहे. त्या आठ दिवसांत तो खाणार काय, याचा विचार करून सल्ला देणारी डॉक्टर त्याला परत हवी असते.

लस आणि सीरमचं क्षेत्रही आहे. पिंपरीतल्या हाफकिनसारख्या ठिकाणी सर्पदंशावरचं औषध घोड्याच्या रक्तातून तयार होतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषाचे वाढते डोस घोड्याला द्यायचे, प्रतिपिंडं तयार झाली की ठरलेल्या अंतराने रक्त काढायचं, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वेगळा करायचा. घोड्याला किती सोसेल, कोणाला विश्रांती, हे डॉक्टर ठरवते. आपल्या खेड्यात ज्याला साप चावतो, त्याचा जीव या कामावर असतो.

आणि लष्कर. रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअर १७७९ पासूनची, मुख्य केंद्र मेरठला. पदवीधर पशुवैद्यकांना शॉर्ट सर्व्हिस कमिशन (ठरावीक वर्षांसाठी अधिकारीपद) मिळतं, आता मुलींनाही. घोडे, खेचरं आणि कुत्री, तिन्ही सांभाळावी लागतात.

‘मुलीला घोडा आवरेल का’ असं तुला कुणीतरी विचारणारच. साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावराला ताकदीने कुणीच आवरू शकत नाही, पुरुषही नाही. ते मोतद्दाराच्या (घोडा सांभाळणाऱ्याच्या) सवयीच्या हाताने, योग्य जागी उभं राहून आणि गरज पडली तर गुंगीच्या औषधाने जमतं.

पोटापाण्याचं सांगते. महाराष्ट्रात केवळ घोड्यांच्या कायम नोकऱ्या मोजक्याच, त्याही पुणे-मुंबईभोवती. म्हणून पहिली काही वर्षं मिश्र प्रॅक्टिसची तयारी ठेव.

तुला घोडे आवडतात हे पत्रातून दिसतं. माणसांशी भांडण न करता ‘नाही’ म्हणायला आवडतं का, ते मात्र दिसत नाही. ‘नीट’ झाल्यावर सुट्टीत जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून आठवडाभर त्यांच्या मागे फिर. रजिस्टर भरताना, दाखला लिहिताना, मालकाशी बोलताना त्यांच्याकडे लक्ष ठेव. कंटाळा आला तर मला कळव, दुसरे रस्ते आहेत.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पशुवैद्यकीयचे प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतात, पण राज्याच्या जागांसाठी अर्ज नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे वेगळा करावा लागतो. अखिल भारतीय १५ टक्के जागांची फेरी आणखी वेगळी. एमबीबीएसच्या फॉर्ममध्येच हे येतं असं समजून दरवर्षी मुलं मागे राहतात. तुला शिरवळचं कॉलेज जवळ पडेल, तरी पसंतीक्रमात परळ, परभणी, उदगीर, नागपूर, सगळी भर.