पेपर वाच, पण आधी नमुना बघ

अंबाजोगाईला मायक्रोबायोलॉजीत रुजू होतोयस, फार बरं वाटलं. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवरचे नवे पेपर जरूर वाच, पण निकालाआधी त्यातली पद्धत वाच. कोलिस्टिन या अँटिबायोटिकची तपासणी नुसती डिस्क (औषध भिजवलेली कागदी चकती) लावून केली असेल तर तो पेपर सरळ बाजूला ठेव. हे औषध आगारमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरात, नीट पसरतच नाही. त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषधाचं प्रमाण पायरीपायरीने कमी करत केलेली तपासणी) लागतं.

आता आपल्याकडचं. मे महिन्यात खेड्यावरून एसटीने लघवीची डबी येते. ती कधी भरली, हे पहिल्यांदा विचार. 2 तासांच्या वर उन्हातान्हात राहिली तर जंतू डबीतच वाढतात आणि रुग्णाला नसलेला संसर्ग रिपोर्टवर उमटतो. मग नको ते अँटिबायोटिक त्या माणसाच्या माथी! भीड न बाळगता नमुना परत माग. उशीर होणारच असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवायला सांग. ब्लड कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून बघायची) बाटली मात्र फ्रीजमध्ये कधीच नाही.

डिस्क तपासणीच्या म्युलर-हिंटन आगारचा थर 4 मिमी आहे का, पट्टी लावून बघ. थर पातळ झाला की डिस्कभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ मोठं येतं आणि चिवट जंतूही औषधाला बधणारा वाटतो. एटीसीसी 25922 हा ई. कोलाय जंतूचा प्रमाणित वाण नियंत्रणाला (तपासणी बरोबर चालतेय का ते पडताळायला) लावायचा कंटाळा करू नकोस.