आठ लाल आकडे

रीफ टँक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या ३०० लिटरच्या रीफ टँकचा (कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा) आयसीपी अहवाल, म्हणजे पाण्यातल्या मूलद्रव्यांच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीचा अहवाल, आला. खारेपणा ३३ (हजार भागांत ३३ भाग मीठ) आहे. कॅल्शियम ३८८, मॅग्नेशियम १२१५, पोटॅशियम ३७५, स्ट्रॉन्शियम ७.५, बोरॉन ४.२ (लिटरमागे मिलिग्रॅम), आणि हे सगळेच आकडे लाल, म्हणजे कमी. आयोडीन लिटरमागे २० मायक्रोग्रॅम, तेही लाल. लोह आणि मँगनीज तर चक्क शून्य! प्रत्येकासाठी वेगळी बाटली घ्या, असं मला सुचवलं गेलंय. आठही बाटल्या एकदम सुरू करू की एकेक? कोरल बरे दिसतात, फक्त ॲक्रोपोरा या कठीण कोरलची वाढ थांबल्यासारखी वाटते.

उत्तर : पाच बाटल्या तर आत्ताच बाजूला ठेवा. अहवालातला सगळ्यात कामाचा आकडा तुम्ही जाता जाता सांगून टाकलाय : खारेपणा ३३. समुद्राचा साधारण ३५ असतो आणि त्या खारेपणाला कॅल्शियम ४१२, मॅग्नेशियम १२९०, पोटॅशियम ३९९, स्ट्रॉन्शियम ८ आणि बोरॉन ४.५ च्या आसपास असतं. यातल्या प्रत्येकाला ३३ ने गुणा आणि ३५ ने भागा. ३८८, १२१६, ३७६, ७.५, ४.२. हा तुमचाच अहवाल झाला की! या पाचांपैकी एकाचीही वेगळी अशी कमतरता नाही, पाणीच थोडं पातळ आहे. पाच बाटल्या ओतून हे आकडे हिरवे झाले असते आणि खारेपणा मात्र ३३ च राहिला असता.

आता तो ३३ वर कसा आला ते बघा. बहुतेक वेळा दोष रिफ्रॅक्टोमीटरच्या (खारेपणा मोजायच्या उपकरणाच्या) कॅलिब्रेशनचा असतो. आरओच्या पाण्यावर शून्य बरोबर दाखवतो म्हणून ३५ लाही तो बरोबरच असेल, असं नाही. ३५ चं तयार द्रावण मिळतं, त्यावर लावून घ्या. मग बाष्पीभवनाने कमी होणारं पाणी भरताना काही दिवस आरओऐवजी मिठाचं पाणी भरा, ३५ झालं की परत आरओवर या. दिवसाला अर्ध्या-एक अंकापेक्षा जास्त चढू देऊ नका.

आयोडीनची गोष्ट वेगळी. समुद्रात ते ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. नुसत्या पातळपणामुळे ते ५७ वर आलं असतं, २० वर नाही. म्हणजे ही तूट खरी आहे. सम्पमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) चेटो हे शेवाळ वाढवत असाल तर ते आयोडीन भराभर खातं; पाणी गाळणारा कार्बन आणि फेसातून घाण काढणारा स्किमरही आपापला वाटा उचलतात.

हिशोब असा. टाकी ३०० लिटरची असली तरी दगड, वाळू आणि वरची रिकामी पट्टी वजा करून, सम्पचं पाणी धरून, निव्वळ पाणी २५० लिटर मानू. लिटरमागे ४० मायक्रोग्रॅम हवेत, म्हणजे एकूण १०,००० मायक्रोग्रॅम, अर्थात १० मिलिग्रॅम. बाटलीवर '१ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम आयोडीन' असं लिहिलं असेल तर १० मिलिलिटर लागतील. ते आठवड्याभरात विभागून, जोरात पाणी वाहतं तिथे घाला. बाटलीवर मात्राच लिहिलेली नसेल, नुसतंच 'शंभर लिटरला इतके थेंब' असेल, तर ती बाटली मी तरी वापरणार नाही. नक्की काय घालतोय हेच कळत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. ६० वरून जेवढं खाली आलं असेल तेवढा तुमच्या टँकचा वापर. रोजचा डोस त्यावरून ठरवा, बाटलीच्या लेबलवरून नको.

घरात लुगोल (आयोडीनचं तीव्र द्रावण) असेल तर फार जपून. पाच टक्क्यांच्या लुगोलच्या एका थेंबात साधारण सहा मिलिग्रॅम आयोडीन असतं. तुमच्या टँकमध्ये एकच थेंब पातळी पंचविसेक मायक्रोग्रॅमने वर नेतो. हात सैल सुटला तर काय होईल ते तुम्हीच बघा.

राहिले लोह आणि मँगनीज. शून्य म्हणजे 'नाही' असं समजू नका. यंत्राला दिसण्याइतकं नाही, एवढाच त्याचा अर्थ. खुद्द समुद्राच्या पृष्ठभागावरच लोह मायक्रोग्रॅमच्या अंशाइतकं असतं, आणि अशा तपासणीच्या नेहमीच्या आयसीपी-ओईएस यंत्राची नजर तिथपर्यंत पोचत नाही. शिवाय माशांच्या रोजच्या खाण्यातून ही दोन्ही पाण्यात पडतच असतात. या बाटल्या बंदच राहू द्या. लाल रंग छापायला सोपा असतो, म्हणून तो छापला जातो.

ॲक्रोपोराबद्दल : त्याचं उत्तर या अहवालात सापडणार नाही, कारण आयसीपी यंत्र अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) मोजतच नाही. ती घरच्या किटने, रोज एकाच वेळी, आठवडाभर मोजा. ७ आणि ९ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) यांच्यामध्ये हेलकावे खात असेल तर आधी ते थांबवा. फॉस्फेट आणि नायट्रेटही बघा. दोन्ही शून्यावर असतील तर वाढ अडते, आणि त्याला कुठलंही सूक्ष्म मूलद्रव्य कामाला येत नाही.

प्रश्न : मी दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलतो. मग ट्रेस एलिमेंट (सूक्ष्म मूलद्रव्यं) वेगळी घालायची गरज आहे का?

उत्तर : कोरल कमी आणि बहुतेक मऊ असतील तर नाही. पण वॉटर चेंजकडून फार अपेक्षाही ठेवू नका. जे मूलद्रव्य टाकीत अजिबात नाही आणि खर्चही होत नाही, ते दर आठवड्याला १० टक्के बदलून १० आठवड्यांनी नव्या पाण्याच्या ६५ टक्क्यांपर्यंतच पोचतं. आयोडीनसारखं जे भराभर संपतं, त्याचा मेळ असा बसत नाही. तुमच्या सॉल्ट मिक्समध्ये ते किती आहे हे एकदा ताज्या पाण्याचा नमुना पाठवून बघा, पुढचे सगळे अंदाज सोपे होतील.

प्रश्न : अहवालात कॉपर (तांबं) लिटरमागे १४ मायक्रोग्रॅम आलंय. गोगलगायी एकेक करून मरताहेत. कुठली बाटली घालू?

उत्तर : कुठलीच नाही! आधी कॉपर येतंय कुठून ते शोधा. समुद्रात ते एका मायक्रोग्रॅमच्याही खाली असतं आणि गोगलगायी, कोळंबी यांना ते सगळ्यात आधी बाधतं.

आरओ-डीआय फिल्टरनंतरच्या नळीत कुठे पितळी जोड आहे का? त्यातलं रेझिन संपून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) चढलाय का? पंपांचे उघडे स्क्रू, क्लॅम्प तपासा. चुंबकाचं आवरण तडकून आत गंज धरलाय का तेही पाहा (त्यातून लोह जास्त येतं, पण कधीकधी सोबत इतर धातूही असतात). आणि दगड कुठून आणले ते आठवा. जुन्या टँकमध्ये कोणी कधी माशांच्या औषधात कॉपर वापरलं असेल तर दगड आणि वाळू ते धरून ठेवतात आणि मग कित्येक महिने थोडंथोडं सोडत राहतात.

तोपर्यंत कार्बन आणि धातू शोषणारं रेझिन लावा, दर आठवड्याला मोठा वॉटर चेंज करा. नवीन गोगलगायी आत्ता आणू नका. पुढच्या वेळी दोन नमुने पाठवा : एक टाकीचा, दुसरा आरओचा. दोन्ही बाटल्या त्या त्या पाण्यानेच दोनदा खळबळून घ्या. आरओच्या नमुन्यातही कॉपर दिसलं तर दगडांवर संशय घ्यायची गरज उरणार नाही, जोड आणि रेझिन बदला.